प्राट: दिसायला जुनाट, पण ध्वनिविज्ञानाच्या पेपरला दुसरं काही चालत नाही

भाषाविज्ञान मेजर म्हणून घेतलं असो, मायनर म्हणून, किंवा मराठी-कोकणीच्या अभ्यासक्रमातला एखादाच पेपर म्हणून, ध्वनिविज्ञानाचं प्रकरण सुरू झालं की 'प्राट हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या' एवढं सांगितलं जातं. विद्यार्थी ते उघडतो, समोर दोन रिकाम्या खिडक्या येतात, त्यांचं काय करायचं ते कळत नाही, आणि प्रकल्प जमा करायची तारीख डोक्यावर येईपर्यंत ते तसंच पडून राहतं. म्हणून हे जरा सविस्तर परीक्षण, खास गोव्यात बसून मराठी-कोकणीचे आवाज मोजू पाहणाऱ्यांसाठी.

निकाल आधीच: मोजमापाला पैकीच्या पैकी, वापरायच्या सोयीला कसेबसे निम्मे, किंमत शून्य रुपये. 'प्राट चुकीचे आकडे देतं' ही तक्रार सर्रास ऐकू येते. खोलात गेलं तर बहुतेक वेळा रेकॉर्डिंग तरी वाईट निघतं, नाहीतर सेटिंगमधले आकडे बोलणाऱ्या माणसाला जुळणारे नसतात.

प्राट हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं काम. १९९० च्या दशकापासून ते सतत वाढत आलंय, मुक्तस्रोत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अगदी क्रोमबुकवरही चालतं. विंडोजवर इन्स्टॉल करायची भानगडच नाही. झिप उघडायची, आतली एकच फाइल पेन ड्राइव्हवर टाकायची आणि दोनदा क्लिक करायचं. कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर ॲडमिनचा पासवर्ड मिळत नाही, तिथे ही सोय लाखमोलाची. मोबाइलवर मात्र हे चालत नाही. लॅपटॉप हवाच, पण दहा वर्षं जुना असला तरी निभावतं.

दोन खिडक्यांपैकी 'पिक्चर' नावाची सुरुवातीला सरळ बंद करा. ती आकृत्या काढायची आहे, शेवटी लागते. सगळा कारभार 'ऑब्जेक्ट्स'मध्ये चालतो. इथला नियम एकच, पण तो न कळल्यामुळेच निम्मे लोक सोडून देतात: आधी यादीतली वस्तू निवडायची, मग उजवीकडची बटणं त्या वस्तूप्रमाणे बदलतात. आवाज निवडला की आवाजाची बटणं, फॉर्मंट (स्वराची ओळख ठरवणारे ठळक फ्रिक्वेन्सीचे पट्टे) निवडला की फॉर्मंटची. आवाज आणि त्याच्या खुणांची (कोणता शब्द किंवा ध्वनी कुठून कुठवर, हे नोंदवणारी) फाइल एकत्र बघायची तर कंट्रोल दाबून दोन्ही निवडायच्या आणि 'व्ह्यू अँड एडिट' दाबायचं. नुसती खुणांची फाइल उघडली तर आवाजाच्या लाटेविना कोरे पट्टे दिसतात आणि वाटतं, रेकॉर्डिंग उडालं.

दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. प्राटमध्ये ऑटोसेव्ह नाही. ऑब्जेक्ट्सच्या यादीत दिसतंय ते फक्त मेमरीत असतं. तीन तास बसून लावलेल्या खुणा 'रिमूव्ह'च्या एका क्लिकसरशी जातात आणि परत येत नाहीत. पावसाळ्यात सत्तरी-पेडण्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दगा देणारी असेल तर दर पाच मिनिटांनी कंट्रोल-एस. एवढं जुनं आणि एवढं वापरलं जाणारं सॉफ्टवेअर अजून इथे सुधारत नाही, याला काही क्षमा नाही.

रेकॉर्डिंग: इथेच सगळं ठरतं

प्राट वेव्ह, एआयएफएफ, फ्लॅक आणि एमपी३ वाचतं. बऱ्याच फोनमधला रेकॉर्डर एम४ए फाइल बनवतो, ती मात्र वाचत नाही. रूपांतर करून देणारी साधनं पुष्कळ आहेत, पण कॉम्प्रेशनमध्ये गेलेला तपशील रूपांतराने परत येत नाही. म्हणून रेकॉर्ड करतानाच वेव्ह, ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो असं ठेवा. तसा पर्याय देणारं रेकॉर्डर ॲप फुकट मिळतं. व्हॉट्सॲपवर मागवलेले आवाज शब्दसंग्रहाला ठीक, ध्वनिमापनाला निरुपयोगी. फोनमधलं 'नॉइज रिडक्शन'ही बंद करा. ते पंख्याच्या आवाजासोबत स, श, च यांच्या घर्षणालाही कात्री लावतं.

जागेचं गणित गोव्यात वेगळं आहे. जुन्या घरातली मोठी साल (दिवाणखाना) बघून मोह होतो, पण चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, उघडी फरशी आणि उंच छत असलं की आवाज घुमतो. घुमला की त, क, ट उच्चारताना तोंड बंद असतानाची जी क्षणभराची शांतता असते, ती आधीच्या स्वराच्या पडसादाने भरून जाते आणि तोंड उघडून हवा सुटतानाचा स्फोट कुठे झाला ते पडद्यावर दिसेनासं होतं. त्यापेक्षा गाद्या, गोधड्या आणि कपड्यांचं कपाट असलेली झोपायची खोली बरी. बल्कावावर (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीवर) गप्पा छान रंगतात, पण मागून कदंबची बस जाते. सकाळी पोदेराची (पाववाल्याची) पों-पों आणि नुस्तेवाल्याची (मासेवाल्याची) हाक संपल्यावर, दुपारच्या निजेच्या वेळी गाव शांत असतो. पण त्या वेळी वयस्कर माणसाला बोलतं करायचं तर आधी विचारून ठेवावं लागतं. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंगचा नादच सोडा. कौलं त्या मानाने सोसतात.

पंखा बंद. लॅपटॉपवर थेट रेकॉर्ड करत असाल तर चार्जर काढा; विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिचे १००, १५० हर्ट्झचे भाऊबंद पुरुषाच्या आवाजाच्या पट्टीत येऊन बसतात. कॉलरचा माइक तोंडापासून साधारण एक वीत, थोडा बाजूला, म्हणजे प, फ, भ यांची फुंकर थेट आदळत नाही. लाटेची टोकं वरखाली सपाट कापलेली दिसली तर ते रेकॉर्डिंग बाद. आवाज कमी असेल तर नंतर वाढवता येतो, कापलेला जोडता येत नाही.

तासाभराची मुलाखत 'रीड फ्रॉम फाइल'ने उघडली की लॅपटॉप का धापा टाकतो? वरच्या मापाने डिस्कवर मिनिटाला साधारण ५.३ एमबी लागतात, म्हणजे तासाला सव्वातीनशेच्या आत. पण प्राट मेमरीत प्रत्येक नमुना ८ बाइटचा ठेवतं, त्यामुळे तोच तास सव्वा जीबीच्या पुढे जातो. ४ जीबीच्या मशीनचं तिथेच कंबरडं मोडतं. 'ओपन लाँग साउंड फाइल' वापरा. ते लागेल तेवढाच तुकडा डिस्कवरून उचलतं. त्यात आवाज संपादित करता येत नाही, खुणा मात्र लावता येतात.

खुणा लावणं

आवाज निवडून 'ॲनोटेट'मधून 'टू टेक्स्टग्रिड'. जी पेटी उघडते तिच्यात थरांची नावं म्हणून 'मेरी जॉन बेल' असं आधीच भरलेलं असतं आणि खालच्या रकान्यात पुन्हा 'बेल'. वरचं पुसून 'शब्द ध्वनी' लिहायचं आणि खालचं 'बेल' पूर्ण पुसायचं. खालचं विसरण्याची चूक इतकी सार्वत्रिक आहे की कुणाच्याही पहिल्या प्रकल्पात बघून घ्यावी. कर्सर ठेवून एंटर मारला की निवडलेल्या थरावर सीमा पडते. टॅब दाबला की तुकडा वाजतो. कंट्रोल-एनने निवडलेला भाग मोठा होतो. एवढ्या तीन कळा बोटांत बसल्या की वेग दुप्पट होतो.

देवनागरीत लेबलं लिहिणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. प्राट मजकूर जतन करताना आधी आस्की (फक्त साधी रोमन अक्षरं साठवणारी पद्धत) वापरून बघतं, जमलं नाही तर यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत लिहितं. प्राटला त्याचं काही वाटत नाही, पण तीच फाइल पायथन किंवा आर या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये यूटीएफ-८ समजून उघडली की कचरा तरी येतो नाहीतर एरर. सेटिंग्जमधल्या मजकूर लिहिण्याच्या पर्यायात यूटीएफ-८ निवडा, एकदाच करायचं काम आहे. शब्दांचा थर देवनागरीत आणि ध्वनींचा थर साध्या रोमन खुणांत ठेवला तर पुढे मोजणी करणाऱ्या स्क्रिप्टला सोपं पडतं. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची चिन्हं हवीच असतील तर उलट्या तिरक्या रेषेपुढे ठरावीक दोन अक्षरं टाइप केली की उमटतात. यादी मदतपुस्तिकेत आहे.

मराठीतले दोन ज

प्राटची खरी किंमत कळते ती अशा ठिकाणी. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. लिपीत एकच ज, तोंडात दोन. कानाला फरक कळतो, पण प्रकल्पात 'ऐकू येतो' लिहून भागत नाही.

तालव्य ज (दुनियेच्या 'जग'मधला) म्हणताना घर्षणाची ऊर्जा खालच्या भागात, साधारण अडीच ते साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास गोळा होते. दंत्य ज ('जगत राहा'मधला) मध्ये ती बरीच वर सरकते. आता गंमत बघा: प्राटचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती ऊर्जा आहे ते दाखवणारं चित्र, मुळात ० ते ५००० हर्ट्झ एवढाच दाखवतो. म्हणजे दंत्य ज ची मुख्य खूण पडद्याच्या बाहेरच राहते, आणि विद्यार्थी प्रामाणिकपणे 'फरक आढळला नाही' लिहून मोकळा होतो. स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये वरची मर्यादा १०००० किंवा १२००० करा, चित्र लगेच पालटतं. १६००० हर्ट्झने रेकॉर्ड केलं असेल तर ८००० च्या वर काही नसतंच, ते सेटिंग बदलून येणार नाही.

घर्षणाच्या ऊर्जेची सरासरी फ्रिक्वेन्सी, हा आकडा काढायची रीत: आधी पूर्ण आवाज निवडून 'फिल्टर (पास हान बँड)' लावा, १००० ते ११००० हर्ट्झ. हे गाळणं सोडलं तर स्वरतंत्रींचं खालचं कंपन, जे ज मध्ये असतंच, सरासरीला खाली ओढतं आणि दोन्ही ज सारखे दिसू लागतात. च साठी, तो अघोष (स्वरतंत्रींच्या कंपनाविना) असल्यामुळे, हा त्रास कमी. गाळल्यानंतर एडिटरमध्ये फक्त घर्षणाचा तुकडा निवडा: स्फोटाची उभी रेघ सोडून पुढचे २० ते ३० मिलिसेकंद, स्वर सुरू होण्याआधी थांबायचं. तो तुकडा वेगळा काढून 'टू स्पेक्ट्रम', मग 'गेट सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी', घात २. तुकड्यात स्वराचा पाच मिलिसेकंदांचा शेपूट आला तरी आकडा घसरतो.

शब्द वदवून घेतानाही एक अडचण येते. कागदावर दोन्ही शब्द एकसारखे दिसत असल्यामुळे वाचणारा गोंधळतो. कार्डावर वर बारीक अक्षरांत अर्थ द्या आणि मोठ्याने फक्त 'आता जग म्हण' एवढंच वाचायला सांगा. चौकट तीच राहिली की शेजारच्या ध्वनींचा परिणामही तोच राहतो. प्रत्येक शब्द निदान पाच वेळा, कार्डं पिसून. एकाच क्रमाने वाचलं तर माणूस पाढे म्हणतो तशी लय धरतो.

स्वर आणि अनुनासिक

स्वरांच्या मापनात 'टू फॉर्मंट (बर्ग)' लागतं. त्यातला कळीचा आकडा म्हणजे फॉर्मंटची वरची मर्यादा. ती ५५०० हर्ट्झ भरलेली असते आणि प्रौढ बाईच्या आवाजाला साजेशी आहे. पुरुषासाठी ५००० करायची, लहान मुलांसाठी ८००० पर्यंत नेता येते. पुरुषाचा आवाज ५५०० वर मोजला तर खालच्या भागात फॉर्मंट कमी सापडतात. 'ऊ' मध्ये पहिला आणि दुसरा जवळजवळ असतात, ते एकच धरले जातात. मग तक्त्यात दुसऱ्याच्या जागी तिसरा येतो आणि आजोबांचा 'ऊ' थेट 'ई'च्या शेजारी जाऊन बसतो. लाल ठिपके स्पेक्ट्रोग्रामवरच्या काळ्या पट्ट्यांवर बसतात की नाही, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही आकडा घेऊ नका. माप स्वराच्या मधोमध घ्यायचं. ण, ळ, ट यांच्या लगत तिसरा फॉर्मंट खाली ओढला जातो, त्यामुळे कडेचे आकडे व्यंजनाचे असतात.

कोकणीत ए आणि ओ प्रत्येकी दोन, एक मिटता आणि एक उघडा. देवनागरी दोघांनाही एकाच मात्रेखाली ठेवते. पहिला फॉर्मंट जितका वर तितका स्वर उघडा, म्हणून हा प्रकल्प विद्यार्थ्याला झेपणारा आहे आणि उत्तर स्वच्छ मिळतं. काणकोणची बाई आणि पेडण्याचा बुवा यांचे कच्चे हर्ट्झ मात्र शेजारी ठेवू नका. प्रत्येकाचे आकडे त्याच्याच सरासरी आणि प्रमाण विचलनावर बसवून मग तुलना करायची. स्प्रेडशीटमध्ये दोन ओळींचं काम आहे.

अनुनासिक स्वरांशी प्राटचं जमत नाही, आणि कोकणीवर काम करणाऱ्याला हे आधी माहीत हवं. फॉर्मंट शोधायची ही पद्धत तोंडाची पोकळी म्हणजे एकच सरळ नळी असं धरून चालते. नाक उघडलं की नळीला फाटा फुटतो; काही फ्रिक्वेन्सी वाढतात, काही गिळल्या जातात, आणि गिळलेल्यांचा हिशेब या पद्धतीत नाही. परिणामी 'तें' मधल्या स्वराचा पहिला फॉर्मंट भलतीकडेच दिसतो. 'ते' आणि 'तें' यांत स्वराचा उघडेपणाही वेगळा असू शकतो, त्यामुळे ही जोडी दिसते तितकी सोपी नाही. नाकातलं मोजायचं तर स्पेक्ट्रम काढून २५० हर्ट्झच्या आसपासच्या नासिक्य शिखराची उंची पहिल्या फॉर्मंटजवळच्या शिखराशी ताडून बघतात. प्राटमध्ये ते करता येतं, पण हाताने, आणि वेळ खातं. सेमिस्टरच्या छोट्या प्रकल्पाला हा विषय घेऊ नये.

महाप्राणाचं तसं नाही. क-ख, ट-ठ मध्ये स्फोटापासून कंपन सुरू होईपर्यंतचा वेळ मिलिसेकंदांत मोजला की झालं. घ, ध, भ मध्ये कंपन आधीपासूनच चालू असल्यामुळे ही फूटपट्टी लागू पडत नाही. तिथे स्फोटानंतरच्या स्वराचा श्वासाळपणा बघावा लागतो, पहिल्या दोन हार्मोनिकच्या (मूळ कंपन आणि त्याची दुप्पट) उंचीतला फरक काढून. ख्रिस्ती समाजाच्या कोकणीत महाप्राण सैल होतो असं नेहमी सांगितलं जातं. ख, ठ, थ पुरतं ते तपासून बघणं मायनरच्या विद्यार्थ्यालाही शक्य आहे.

स्क्रिप्ट, आकृत्या आणि बाकीचं

शंभर स्वर एकेक करून मोजायचे नसतात. आधी एक स्वर माउसने मोजा, मग नवी स्क्रिप्ट उघडून 'पेस्ट हिस्टरी' करा. तुम्ही जे जे दाबलं ते आज्ञांच्या रूपात समोर येतं. त्याभोवती 'फॉर' (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी आज्ञा) घातला की पहिली स्क्रिप्ट तयार. प्रोग्रामिंगची भीती असलेल्यांना प्राट या एका सोयीमुळे आवडू लागतं. जिथे फॉर्मंट सापडला नाही तिथे आकड्याऐवजी 'अनडिफाइन्ड' छापलं जातं. स्प्रेडशीट त्या ओळी सरासरीतून गुपचूप वगळते, म्हणून किती वगळल्या ते मोजून प्रकल्पात नोंदवा.

आकृत्यांची खिडकी कटकटीची. नवं चित्र जुन्यावरच उमटतं, 'इरेज ऑल' केल्याशिवाय पुसत नाही. पण छापील निबंधाला शोभेल असं स्वच्छ काळं-पांढरं चित्र देते. स्क्रीनशॉट चिकटवलेले प्रकल्प बघून परीक्षकाचं तोंड वाकडं होतं.

चार माणसं एकदम बोलतात असा व्हिडिओ असेल, धालो-फुगडीची गाणी किंवा घरातल्या गप्पा, तर खुणांसाठी इलान घ्या. नेदरलँड्सच्याच नायमेखनमधल्या माक्स प्लांक संस्थेचं ते साधन, तेही फुकट, आणि खुणा प्राटच्या स्वरूपात बाहेर काढून देतं. वाक्यविचार, अर्थविचार किंवा बोलीतले शब्द जमवणं एवढंच करायचं असेल तर प्राटच्या वाटेला जायचं काही कारण नाही.

मदतपुस्तिका आतच आहे, उत्तम आहे, पण इंग्रजीत. ध्वनिविज्ञानाच्या मराठी संज्ञा वर्गात शिकलेल्याला पहिले दोन-तीन आठवडे जड जातात.

शेवटची सूचना आवृत्तीबद्दल. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ६.४ मध्ये स्वरपट्टी (पिच) मोजायची आधीच भरलेली पद्धतच बदलली आणि शोधायचा पल्लाही ५० ते ८०० हर्ट्झ झाला. जुन्या प्रबंधातल्या ७५ ते ५०० वर काढलेल्या आकड्यांशी तुमचे आकडे जुळले नाहीत तर आधी हे तपासा. लॅबमधल्या पीसीवर जुनी आवृत्ती आणि घरच्या लॅपटॉपवर नवी, असं करून अर्धा-अर्धा प्रकल्प करू नका. एकच आवृत्ती पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि तिचा क्रमांक, फॉर्मंटची मर्यादा आणि स्वरपट्टीचा पल्ला हे तिन्ही आकडे प्रकल्पाच्या 'पद्धती'च्या पानावर लिहा.